आधी मान वळू दे, मग चाकं

2023 मध्ये दृष्टी मरीन या जीवरक्षक पुरवणाऱ्या कंपनीने गोव्याच्या बीचवर 'ऑरस' नावाचा सेल्फ-ड्रायव्हिंग रोबॉट आणला, मिरामारला. काम काय, तर पोहायला मनाई असलेल्या भागात गस्त घालायची आणि भरतीच्या वेळी लोकांना सावध करायचं.

बातमी वाचून बरं वाटलं आणि लगेच मनात आलं की वाळूत पोरं खेळतायत, कोणी पाठमोरं बसलंय आणि मागून असं एखादं यंत्र आलं तर ते कोणाला धडकू नये याची सोय सेन्सर करतील, पण ते आता डावीकडे वळणार की सरळ आपल्यावर येणार हे त्या माणसाला कळणार कसं? माझ्या मते माणसांत वावरणाऱ्या रोबॉटचा खरा प्रश्न हा आहे, आणि आपल्याकडे यावर फार कमी बोलतात.

कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत अँका ड्रॅगन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये यावर फार सुंदर काम मांडलं. समजा दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत आणि रोबॉटचा हात त्यातली उजवीकडची उचलणार आहे. सरळ रेषेत गेला तर वेळ वाचतो, पण बघणाऱ्याला बराच वेळ कळतच नाही की नक्की कुठली. तोच हात मुद्दाम उजवीकडून वळसा घालून नेला की थोडं अंतर वाढतं, पण सुरुवातीलाच अंदाज येतो. म्हणजे हालचाल नुसती बरोबर असून भागत नाही, ती समोरच्याला वाचता आली पाहिजे. रायबंदरच्या फेरीबोटीतून उतरताना आपण पुढच्या स्कूटरवाल्याची मान बघूनच ठरवतो ना कुठून घुसायचं, तसंच.

चेहरा माणसासारखा असायची गरजही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत सिंथिया ब्रेझीलनी 1990च्या दशकाच्या शेवटी बनवलेला 'किस्मेट' हा रोबॉट म्हणजे मोठे डोळे, भुवया, कान असलेलं नुसतं एक धातूचं डोकं, पण कोणी फार जवळ आलं की तो मागे सरायचा आणि लोक आपोआप अंतर ठेवायचे.

बोलण्यातही हेच, आपल्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 0.2 सेकंद लागतात, त्यामुळे रोबॉट दोन सेकंद गप्प राहिला की आपण प्रश्न परत विचारतो आणि सगळा गोंधळ होतो. विचार करताना नुसता एक लाइट लुकलुकला तरी माणूस थांबतो.

बीचवरच्या कुठल्याही रोबॉटने वळायच्या आधी क्षणभर थांबावं, त्या बाजूचा लाइट लावावा, कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजीत बोलावं, तेही लाटांच्या आवाजात ऐकू येईल असं. आणि याची टेस्ट लॅबमध्ये नको, रविवारी संध्याकाळी भरलेल्या किनाऱ्यावर, पोरं आणि आजी-आजोबा आजूबाजूला असताना व्हायला हवी.