रेल्वे प्रतिकृती-संग्रह

खऱ्या आगगाड्यांची इंजिने, डबे व इतर सामग्री ठरावीक पटीत लहान करून बनवलेल्या प्रतिकृती जमवण्याचा छंद. यात दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. मूळ गाडीच्या कितव्या हिश्श्याची प्रतिकृती आहे ते प्रमाण आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. नवखे गल्लत करतात ती इथेच, कारण एकाच गेजवर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात.

जर्मनीतील ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत चावीची गाडी मांडली आणि रुळांची ठरावीक गेजेही आणली. त्यामुळे एकदा घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी नवा डबा किंवा आणखी रूळ जोडता येऊ लागले. संग्रहाच्या छंदाला खरी सुरुवात तिथून झाली, असे म्हणता येते.

गेज आणि प्रमाणांच्या या जोड्यांना ओ, एचओ, एन अशी अक्षरांची नावे आहेत. ओ गेज ३२ मिमीचे. पण त्यावरच्या गाड्या जर्मनीत १:४५, ब्रिटनमध्ये १:४३.५ आणि अमेरिकेत १:४८. आज सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७, गेज १६.५ मिमी. हा हिशेब खऱ्या रेल्वेच्या १४३५ मिमीच्या प्रमाणित गेजशी चोख जुळतो. ब्रिटिश इंजिने मुळात बेताच्या आकाराची. १:८७ मध्ये प्रतिकृती चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटर त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून गाडी १:७६ केली, रूळ मात्र १६.५ मिमीचेच ठेवले. हेच डबल ओ. खरे तर तिथे १८.८३ मिमी हवेत, आणि तेवढ्यासाठी हाताने रूळ बसवणारे हट्टी लोकही आहेत. एनचे रूळ ९ मिमीचे असून प्रमाण युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, तर जपानमध्ये बहुधा १:१५०. मेर्कलिनने १९७२ मध्ये आणलेले झेड १:२२० चे, ६.५ मिमी रुळांचे. त्याची अख्खी मांडणी सुटकेसमध्ये बसवतात. दुसऱ्या टोकाला बागेत धावणारे ४५ मिमीचे जी.

भारतीय गाड्यांच्या चाहत्यांची पंचाईत वेगळीच आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे १९.३ मिमी. तसे तयार रूळ सहसा मिळत नाहीत, त्यामुळे भारतीय इंजिनही १६.५ मिमीवरच उभे करावे लागते. बाजूने पाहिले तर काही जाणवत नाही. समोरून पाहिले की इंजिन पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते. माथेरानच्या ६१० मिमी मार्गाला मात्र याच प्रमाणात ७ मिमी लागतात, आणि झेडचे रूळ त्याच्या बरेच जवळ येतात. जागेचा प्रश्न त्याहून अवघड. जुन्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीच्या २४ डब्यांची एक्सप्रेस एचओमध्ये सहा मीटरच्या वर जाते, एनमध्ये साडेतीन मीटरच्या आत राहते. मुंबईतल्या फ्लॅटात राहणाऱ्याने एनच घ्यावे, हे उघड आहे. मोठी मांडणी प्रत्यक्ष पाहायची तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे २००१ पासूनचे मिनियातूर वुंडरलांट हे प्रचंड लघुरेल्वे प्रदर्शनही मुख्यतः १:८७ चेच.

गेज जुळले म्हणजे गाडी चालेलच असे नाही. मेर्कलिनची एचओ इंजिने दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या धातूच्या टिकल्यांवरून वीज घेतात आणि त्यांची दोन्ही बाजूंची चाके विजेच्या दृष्टीने जोडलेली असतात. साध्या दोन-रुळी मार्गावर दोन रूळ हीच विजेची दोन टोके असतात, त्यामुळे अशी गाडी तिथे ठेवली की शॉर्टसर्किट होते.

निव्वळ संग्राहक गाडी फारशी चालवत नाही. मूळ खोके आणि मूळ रंग शाबूत असेल तर किंमत चढते. हौसेने नव्याने रंगवलेले जुने इंजिन बहुधा उतरते. जुन्या ओतीव भागांना ‘जस्ताची कीड’ लागते. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असेल तर तो आतून फुगतो, कडांवर केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बोटाने दाबताच चौकटीचा तुकडा हातात येतो. हा रोग शेजारच्या इंजिनाला लागत नाही, पण त्यावर औषधही नाही. दमट, उबदार हवेत तो वेगाने वाढतो. म्हणून कोकणपट्टीत जुने इंजिन विकत घेताना वरची झळाळी बघण्यापेक्षा ते उलटे करून खालची चौकट आधी तपासावी.