ठोका कुठे हरवतो? महागड्या हेडफोनची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला विचारा, इलेक्ट्रॉनिक ठोका पहिल्यांदा कुठे ऐकला? तो वरातीचं नाव घेईल. बँडच्या गाडीवर कीबोर्ड, शेजारी स्टँडवर ऑक्टोपॅड, मागे धडधडणारा जनरेटर. अहिराणी गाण्याची धून लागली की पॅडवर काठी पडायची आणि ठोका कानाच्या आधी छातीत पोहोचायचा. ‘काय वाजी राह्यनं!’ ही दाद त्या ठोक्याला असायची. हे ऑक्टोपॅड जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणलं. त्याच कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र काढलं होतं. त्याच्या खोल, लांबत जाणाऱ्या किकवर, म्हणजे मोठ्या ढोलासारख्या खालच्या ठोक्यावर, पुढे हिप-हॉप आणि टेक्नोचा मोठा भाग उभा राहिला. म्हणजे या घराण्याचा आवाज खानदेशातल्या कानांना परका नाही.

म्हणूनच असा ऐकणारा पैसे साठवून नावाजलेला हेडफोन घेतो आणि त्यात ठोकाच सापडत नाही, तेव्हा तो चक्रावतो. माझं तसंच झालं. एका मोठ्या कंपनीचा, पाठ उघडी असलेला सेट घरी आणला. गायकाचा श्वास ऐकू आला, झांजेची चमक आली, पण किक म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी. सेटमध्ये बिघाड नव्हता. तो ज्या परंपरेत घडला, त्या परंपरेने हा ठोका कधी मोजलाच नव्हता.

त्या परंपरेची सुरुवात बिनतारी संदेशांपासून आहे. अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनियल बाल्डविनने १९१० मध्ये घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते नौदलाने घेतले. संदेश स्पष्ट कळावा, एवढंच काम होतं. १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला, चुंबक आणि गुंडाळीवर चालणारा. संगीतासाठी घरात बसून ऐकायचा स्टीरिओ हेडफोन जॉन कॉसने मिल्वॉकीत १९५८ मध्ये आणला. खरं वळण मात्र १९६८ चं. सेनहायझरच्या एचडी ४१४ ने मागची बाजू उघडी ठेवली, त्यामुळे डब्यातून बोलल्यासारखा घुमणारा आवाज मोकळा झाला. पुढची चाळीस वर्षं उंची हेडफोन बहुतेक याच वाटेने गेले, २००९ च्या एचडी ८०० पर्यंत.

या वाटेची कसोटी होती सभागृहातला वाद्यवृंद आणि मानवी गळा. त्या संगीतात ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) खाली ऑर्गन किंवा मोठा ढोल सोडला तर फारसं काही नसतं. उघड्या सेटमध्ये हवेचा दाब मागून निसटतो आणि साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. पण त्याची तक्रार कोण करणार? ८०८ ची किक मात्र बरोबर तिथेच, ५० हर्ट्झच्या आसपास राहते, आणि आजचे निर्माते तिच्याखालीही सूर ठेवतात.

दुसरं कारण तांत्रिक आहे, पण मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं. १९८० च्या दशकात जर्मन रेडिओच्या संशोधनातून एक मापदंड रुजला: सर्व बाजूंनी सारखा आवाज आला तर कानाला जसा लागेल, तसा हेडफोन असावा. एकेजी कंपनीचा के२४० डीएफ हा हेडफोन त्याचा ठळक नमुना. प्रसारणाच्या कामाला तो योग्यच होता. पण साध्या खोलीत स्पीकर लावला की भिंती खालचे सूर थोडे उचलून देतात आणि इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करणारा माणूस अशाच खोलीत, स्पीकरसमोर बसून ठोका जुळवतो. ती उचल या मापदंडात नव्हती, म्हणून ठोका रोडावला. ही गोष्ट नीट मोजली गेली ती २०१२ नंतर, हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी. कोणता हेडफोन चालू आहे हे न सांगता लोकांना ऐकवलं, तर बहुतेकांनी चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, खालचे सूर उचललेला आवाज पसंत केला. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने हेडफोनच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे.

दरम्यान संगीत केव्हाच पुढे गेलं होतं. ८०८ बाजारात पडलं, जेमतेम बारा हजारांच्या आसपास विकलं गेलं आणि १९८३ मध्ये बंद झालं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं म्हणून पैसे नसलेल्या तरुणांच्या हाती आलं. आपल्याकडेही हे लवकर पोहोचलं होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. मुंबईत सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८ आणि रोलँडचंच टीबी-३०३ हे खालचे सूर वाजवणारं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही; २०१० मध्ये ती ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले.

डीजेंनी आपला हेडफोन वेगळा शोधला होता: १९८८ चा एचडी २५, बंद पाठीचा, हलका, गोंगाटात टिकणारा. उंची हेडफोनवाल्यांनी त्याला आपल्या पंगतीत घेतलं नाही. ही दरी बुजवली प्लॅनर सेटनी. यात शंकूऐवजी पातळ पडदा असतो, त्यावर तारेची नक्षी आणि आजूबाजूला चुंबकं, त्यामुळे पडदा सगळीकडून सारखा हलतो आणि २० हर्ट्झपर्यंत सरळ उतरतो. यामाहाने हे १९७६ मध्येच करून पाहिलं होतं. २००८ नंतर ऑडीझसारख्या कंपन्यांनी जोरदार चुंबकांसह ते परत आणलं. वजन मात्र अर्ध्या किलोच्या आसपास जातं आणि चष्म्याच्या काडीने गादी जराशी उचलली तरी खालचा सूर गळतो.

आता आपल्या भागाची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलर बंद ठेवता येत नाही आणि कूलरची घरघर नेमकी खालच्या सुरांवर बसते. उघडा सेट ती सगळी आत घेतो. बंद सेट ती अडवतो, पण कानाला घाम फुटतो. म्हणून माझं मत: एसीची शांत खोली असेल किंवा ऐकणं हिवाळ्यातल्या रात्रीचं असेल, तर उघडा प्लॅनर घ्यावा; एरवी कापडी गादीचा बंद सेट, नाहीतर कानात घट्ट बसणारे इअरफोन. इअरफोनमध्ये कानाची पोकळी बंद होते, त्यामुळे कमी पैशात ठोका तळापर्यंत मिळतो. २५० किंवा ३०० ओहमचे, म्हणजे विजेला जास्त रोध करणारे सेट स्टुडिओच्या यंत्रांसाठी घडले. ते नुसत्या मोबाइलवर पुरेसे वाजत नाहीत. अँपचे, म्हणजे आवाजाला ताकद देणाऱ्या वेगळ्या यंत्राचे, पैसे आधीच धरावेत.

आणि हरवलेला ठोका शोधायला आवाज वाढवू नये. वाढतात ते मधले सूर, आणि कानाला इजा त्यांच्यामुळेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. ९० ला ती ४ तासांवर येते.

चांगला सेट लावून पाहायला आपल्याला बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते. तिथे मी आधी ८०८ ची एकटी किक लावतो, आवाज कमी ठेवून. ती सुरू झाल्यापासून विरेपर्यंत ऐकू येते का आणि विरल्यावर शांतता चटकन पडते का, एवढंच पाहतो. गायकाचा आवाज त्यानंतर.