स्थिर मासिक ऊर्जा हप्ता (ब्रिटन)

घरातील वीज आणि गॅस यांच्या वर्षभराच्या अंदाजी खर्चाचे बारा समान भाग करून त्यातील एक भाग दरमहा ठरावीक तारखेला ग्राहकाच्या बँक खात्यातून आपोआप वळता करून घेण्याची पद्धत. ब्रिटनमध्ये तिला ‘फिक्स्ड डायरेक्ट डेबिट’ म्हणतात. बोलताना नुसते ‘डायरेक्ट डेबिट’. हप्ता बाराही महिने सारखा असतो, वापर मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. त्यामुळे पुरवठादार कंपनीकडील ग्राहकाच्या खात्यात उन्हाळ्यात पैसे साठतात आणि हिवाळ्यात ते खर्ची पडतात. साठलेल्या रकमेला ‘क्रेडिट’, म्हणजे जमा, असे नाव आहे. हप्ता म्हणजे बिल नव्हे, हे या पद्धतीचे मर्म. तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी हे न उमगल्यामुळे, किंवा कंपनीने ते धड न सांगितल्यामुळे, उद्भवतात.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे गॅसच्या बॉयलरवर तापवली जातात. ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने २०२३ मध्ये सर्वसाधारण घराचा वार्षिक वापर २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस असा धरला (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, गॅसचे घनमीटर याच एककात बदलून बिल करतात). म्हणजे विजेच्या चौपटीहून अधिक गॅस, आणि तो बहुतांशी ऑक्टोबर ते एप्रिल या काळात जळतो. जुलैत गॅस लागतो तो आंघोळीच्या पाण्यापुरता. जानेवारीचे प्रत्यक्ष बिल जुलैच्या तिप्पट-चौपट येणे त्यामुळे नवलाचे नाही. नागपूरच्या घरात मे महिन्यात कूलर आणि एसीने मीटर पळते, त्याचीच ही उलटी बाजू. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवून पावसाळ्याची बेगमी करीत. स्थिर हप्ता ही तशीच बेगमी आहे. फरक इतकाच की डबा आपल्या फडताळात नसून कंपनीच्या कोठारात असतो. या फरकाचे परिणाम पुढे येतात.

डायरेक्ट डेबिट ही कल्पना ऊर्जाक्षेत्रातली नव्हे. १९६४ मध्ये युनिलिव्हर कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅलिस्टर हँटन यांनी आइस्क्रीम विक्रेत्यांकडून वसुली सोपी व्हावी म्हणून ती पुढे आणली, असे श्रेय त्यांना दिले जाते. तोवर पैसे पाठवण्याचा पुढाकार देणाऱ्याकडे असे. या पद्धतीत घेणाऱ्याने मागायचे आणि बँकेने आधीच्या संमतीवरून द्यायचे, असा उलटा क्रम आला. १९८६ मध्ये ब्रिटिश गॅसचे आणि १९९० पासून वीजपुरवठ्याचे खासगीकरण झाले, १९९९ पर्यंत घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली, आणि डायरेक्ट डेबिटने भरणाऱ्याला स्वस्त दर देऊन कंपन्यांनी ही पद्धत रुजवली. बिल आल्यावर भरणाऱ्याला आजही जास्त दर पडतो.

हप्ता ठरतो असा : मागील मीटर रीडिंगवरून वर्षाचा वापर काढायचा, त्याला सध्याचा दर लावायचा, रोजचा स्थिर आकार (‘स्टँडिंग चार्ज’) आणि ५ टक्के व्हॅट मिळवायचा, खात्यात जमा असेल तर ती वजा करायची, बाकी, म्हणजे देणे, असेल तर मिळवायची, आणि बाराने भागायचे. नव्या घराचे मागील रीडिंगच नसते. तेथे खोल्यांची संख्या आणि राहणाऱ्यांची संख्या विचारून ठोकताळा बांधला जातो.

समजा एका घराचा वार्षिक खर्च १,८०० पौंड आहे. हप्ता झाला १५० पौंड. मे महिन्यापासूनचा प्रत्यक्ष खर्च अनुक्रमे १००, ७५, ७०, ७०, ८५, १३०, १९०, २५०, २७०, २३०, २०० आणि १३० पौंड धरू. मे महिन्यात कोऱ्या खात्याने सुरुवात केलेल्या या घराची जमा सप्टेंबरअखेर ३५० आणि ऑक्टोबरअखेर ३७० पौंड होते. मग ती उतरू लागते : डिसेंबरअखेर २३०, फेब्रुवारीअखेर ३०, मार्चअखेर उलट २० पौंडांची बाकी, आणि एप्रिलअखेर शून्य. आता हेच घर, हाच वापर, हाच हप्ता, पण सुरुवात नोव्हेंबरात. बिचाऱ्याच्या खात्यावर डिसेंबरअखेर १४० पौंड बाकी दिसते आणि मार्चअखेर ३९०. पुढचा सबंध उन्हाळा ती फेडण्यात जातो; शून्य उजाडते ते ऑक्टोबरअखेर. पहिला ग्राहक काटकसरी नाही आणि दुसरा उधळ्या नाही. फरक पंचांगाचा आहे.

म्हणून ‘माझी एवढी जमा आहे, जास्त आहे का?’ या प्रश्नाला महिना विचारल्याशिवाय उत्तर नाही. ऑक्टोबरात दोन-अडीच हप्त्यांइतकी जमा असणे हे तब्येत ठीक असल्याचे लक्षण. तेवढीच एप्रिलअखेर उरली असेल तर हप्ता गरजेपेक्षा मोठा लागला आहे. खाते तपासायची खरी वेळ हिवाळा सरल्यावरची, पण लोक तपासतात ते ऐन दिवाळीच्या सुमारास, जेव्हा आकडा सर्वांत मोठा दिसतो, आणि तेव्हाच तो परत मागण्याचा मोह होतो. मागितला तर मिळतोही. मात्र पुढच्या आढाव्यात हप्ता चढतो.

या विषयात दोन गैरसमज इतके पसरलेले आहेत की त्यांची दखल घ्यावी लागते. पहिला शब्दाचा. ‘फिक्स्ड टॅरिफ’ आणि ‘फिक्स्ड डायरेक्ट डेबिट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत युनिटचा दर करारापुरता गोठवलेला असतो, दुसरीत हप्ता ठरलेला असतो. वर्षाचा एकूण खर्च दोन्हींतही गोठलेला नसतो, तो वापराप्रमाणेच लागतो. बदलत्या दराच्या करारावरही स्थिर हप्ता असू शकतो, आणि बहुतेकांचा असतो. ‘फिक्स्ड’ या एकाच विशेषणावर दोन्ही ओझी टाकणाऱ्यांनी ग्राहकांवर उपकार केलेले नाहीत. दुसरा गैरसमज दरमर्यादेचा. १ जानेवारी २०१९ पासून लागू असलेली ‘प्राइस कॅप’ वर्तमानपत्रांत वर्षाच्या एका रकमेने सांगितली जाते. सुरुवातीला ती १,१३७ पौंड होती. ऐकणाऱ्याला वाटते, यापेक्षा जास्त बिल येणारच नाही. मर्यादा असते ती युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर. छापलेली रक्कम सर्वसाधारण घराच्या वापराला तो दर लावून आलेली असते. जास्त वापरणाऱ्याला जास्तच पडते.

बिल खऱ्या रीडिंगवर आहे की अंदाजावर, यावर सारे अवलंबून असते. स्मार्ट मीटर नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरात कंपनी अंदाज करीत राहते, खाते वर्षभर गुटगुटीत दिसते, आणि मग एक खरे रीडिंग आले की जमेची बाकी होते. याला आळा म्हणून २०१८ पासून नियम आहे : ग्राहकाची चूक नसेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या, बिलात न धरलेल्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. महाराष्ट्राने हा धडा २०२० च्या टाळेबंदीत घेतला. मीटर रीडिंग थांबले, एप्रिल-मेची बिले हिवाळ्याच्या महिन्यांच्या सरासरीवर गेली, माणसे मात्र भर उन्हाळ्यात दिवसरात्र घरात होती. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंगची बिले पडली तेव्हा राज्यभर ओरड झाली. वापर खरा होता. सरासरी चुकीच्या ऋतूतून आणलेली होती.

जमा कोणाची? हिशेबाच्या दृष्टीने ग्राहकाची, पण ती वेगळ्या पेटीत ठेवलेली नसते. कंपनीच्या परवान्यातील अटींनुसार हप्ता उपलब्ध माहितीपैकी सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर बेतलेला असला पाहिजे, तो कसा काढला हे ग्राहकाला समजावता आले पाहिजे, आणि ग्राहकाने मागितल्यास जमा परत केली पाहिजे. नाकारायची तर कारण रास्त हवे. हप्त्यात बदल करण्यापूर्वी आगाऊ कळवावे लागते. तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर ऊर्जा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. (हे सारे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरते; उत्तर आयर्लंडची नियामक यंत्रणा स्वतंत्र आहे.)

कागदावरच्या या चौकटीची कसोटी २०२१-२२ मध्ये लागली. घाऊक बाजारात गॅसचे भाव भडकले आणि काही महिन्यांत पंचवीसहून अधिक पुरवठादार कंपन्या कोसळल्या. त्यांच्यातील अनेकांची भांडवली मुळे उथळ होती आणि ग्राहकांची उन्हाळी जमा हेच त्यांचे खेळते भांडवल होते. काही कंपन्या ही जमा बिनव्याजी क्रेडिट कार्डासारखी वापरत असल्याचे ऑफजेमनेच २०२२ मध्ये बोलून दाखवले. ग्राहकांची जमा बुडाली नाही : ‘अखेरचा पुरवठादार’ या व्यवस्थेखाली दुसऱ्या कंपनीने ग्राहक घेतले आणि त्यांची जमा मान्य केली. पण तो खर्च कोणीतरी सोसलाच. तो देशभरच्या ग्राहकांच्या बिलांवर पसरवला गेला, म्हणजे शहाणपणाने चालवलेल्या कंपनीच्या ग्राहकानेही दुसऱ्याच्या दिवाळ्याची वर्गणी भरली. जमा वेगळी राखून ठेवण्याचा आदेश कंपनीला देण्याचे अधिकार नियामकाने २०२३ मध्ये स्वतःकडे घेतले आणि कंपन्यांवर किमान भांडवलाची अटही घातली. घोडे पळाल्यावर तबेल्याला कुलूप लागले, पण लागले.

त्याच काळात हप्त्यांचाही भडका उडाला. एप्रिल २०२२ मध्ये प्राइस कॅप १,२७७ वरून १,९७१ पौंडांवर गेली, म्हणजे सुमारे ५४ टक्के वाढ. असे असताना ५ लाखांहून अधिक ग्राहकांचा हप्ता दुपटीहून जास्त वाढवला गेल्याचे ऑफजेमच्या तपासणीत आढळले, आणि कंपन्यांना त्यांचा हिशेब पुन्हा तपासायला सांगण्यात आले. ऑक्टोबर २०२२ ची मर्यादा ३,५४९ पौंड जाहीर झाली तेव्हा सरकारने हस्तक्षेप करून सर्वसाधारण घराचे वार्षिक बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील असा दर बांधून दिला. शिवाय ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत दिली : पहिले दोन महिने ६६, पुढचे चार महिने ६७. डायरेक्ट डेबिटवाल्यांना ती कधी हप्त्यातून वजा होऊन, कधी बँकेत परत, तर कधी ऊर्जा खात्यात जमा अशी मिळाली. शेवटच्या प्रकारात मदत मिळाल्याचे अनेकांच्या लक्षातच आले नसावे. याच सुमारास ‘डोन्ट पे’ या चळवळीने १ ऑक्टोबरपासून डायरेक्ट डेबिट रद्द करण्याचे आवाहन केले होते. हप्ता हे निषेधाचे हत्यार व्हावे, इतका तो घरोघरी पोचलेला आहे.

महाराष्ट्रात घरगुती विजेला असा समान हप्ता रूढ नाही. महावितरणचे बिल दर महिन्याच्या रीडिंगवर येते आणि मे महिना मे महिन्यासारखाच झोंबतो. तरीही कंपनीकडे ग्राहकाचे पैसे असतातच, ते ‘सुरक्षा ठेव’ या नावाने. २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिल असलेल्यांसाठी ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी धरली जाते, आणि वापर वाढला की अतिरिक्त ठेवीचे वेगळे बिल घरी येऊन थडकते. या ठेवीवर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते होते. ब्रिटनमधील जमेवर सहसा व्याज मिळत नाही. सोयीचा मामला तिकडे, व्याजाचा इकडे.

स्थिर हप्ता कोणाला मानवतो, हे उत्पन्नाच्या चालीवर ठरते. ठरलेला पगार किंवा निवृत्तिवेतन असणाऱ्याला तो सोयीचा. अनियमित कमाई असणाऱ्याच्या बँक खात्यात नेमके ठरल्या तारखेला पैसे नसले, तर हप्ता परत जातो. अशांसाठी दरमहा प्रत्यक्ष वापराइतकी रक्कम वळती करणारे ‘व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट’ किंवा आधी पैसे भरून वापरायचे प्रीपेमेंट मीटर असते. प्रीपेमेंटवाला उन्हाळ्याचा पैसा हिवाळ्यासाठी स्वतः राखतो किंवा राखू शकत नाही. जानेवारीत मीटरमधील पैसे संपले की घर थंड पडते.

शिक्षणासाठी गेलेली मराठी मुले सप्टेंबरात भाड्याच्या घरात शिरतात, म्हणजे उदाहरणातील दुसऱ्या ग्राहकाजवळच उभी असतात : साठा व्हायच्या आत थंडी. अंगणातला किंवा जिन्याखालचा मीटर शोधून पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवला नाही, तर आधीच्या भाडेकरूचा वापर माथी बसू शकतो. घर सोडताना पुन्हा रीडिंग द्यायचे. सहा आठवड्यांत शेवटचे बिल आणि त्यानंतर कामकाजाच्या दहा दिवसांत उरलेली जमा परत, असा नियम आहे. ती परत येते ब्रिटनमधील बँक खात्यात, आणि भारतात परतण्याच्या गडबडीत ते खाते आधीच बंद केलेले असते.