मानाबे, स्युकुरो

मानाबे, स्युकुरो : (जन्म २१ सप्टेंबर १९३१). जपानी-अमेरिकी वातावरणवैज्ञानिक. वातावरण व महासागर यांची गणिती प्रतिमाने (समीकरणांनी रचलेली प्रतिरूपे) संगणकावर चालवून पृथ्वीच्या जलवायुमानाचा अभ्यास करण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांचा जन्म जपानमधील शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतात, डॉक्टरांच्या घराण्यात झाला. टोकियो विद्यापीठातून १९५८ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर अमेरिकी हवामानवैज्ञानिक जोसेफ स्मागोरिन्स्की यांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेच्या हवामान खात्यात रुजू झाले. तेथील संशोधन विभागातूनच पुढे प्रिन्स्टन येथील भूभौतिकीय द्रायुगतिकी (हवा व पाणी यांसारख्या प्रवाही पदार्थांच्या गतीचा अभ्यास) प्रयोगशाळा उभी राहिली.

रिचर्ड वेदरॉल्ड यांच्यासह १९६७ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी अवघ्या पृथ्वीऐवजी हवेचा एकच उभा स्तंभ विचारात घेतला आणि प्रारण (किरणांच्या रूपाने होणारी उष्णतेची देवघेव), संनयन (तापलेली हवा वर चढून होणारे उष्णतेचे वहन) व बाष्प यांपुरताच हिशेब मांडला. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत असलेले बाष्प) कायम धरली, म्हणजे हवा तापेल तसे तिच्यातील बाष्प वाढू दिले, तर कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ३०० वरून ६०० भागांवर गेल्यास पृष्ठभागाचे तापमान सुमारे २.४° से. ने वाढते, बाष्पाचे प्रत्यक्ष प्रमाणच स्थिर ठेवल्यास ही वाढ सुमारे १.३° से. भरते. याच गणितात स्थितांबर (वातावरणाचा खालून दुसरा थर) मात्र थंड होते. तापमानवाढ सूर्यामुळे झाली असती तर स्थितांबरही तापले असते; त्यामुळे प्रत्यक्ष निरीक्षणांत ते थंड होत असल्याचे आढळले (त्यात ओझोनच्या घटीचाही वाटा आहे), तेव्हा या निष्कर्षाचे मोल वाढले.

कर्क ब्रायन यांच्या महासागर-प्रतिमानाशी आपले वातावरण-प्रतिमान जोडून दोघांनी १९६९ मध्ये पहिले संयुक्त प्रतिमान सिद्ध केले. त्यातील जमीन व समुद्र यांची मांडणी अगदी ढोबळ होती. मात्र सागराच्या खोल थरांना स्थिरावण्यास शतके लागतात आणि हवेला त्या मानाने फारच थोडा काळ पुरतो, ही खरी अडचण होती. नंतरच्या प्रतिमानांत गणित वास्तवापासून ढळू नये म्हणून सागरपृष्ठावरील उष्णता व गोड्या पाण्याच्या देवघेवीत कृत्रिम दुरुस्ती करावी लागे. तिच्यावर झालेली टीका रास्तच होती. तरीही रोनाल्ड स्टॉफर व ब्रायन यांच्यासह १९८९ मध्ये त्यांनी वर्तवलेले चित्र, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे वेगाने आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरात अतिशय संथपणे होणारी तापमानवाढ, पुढील निरीक्षणांशी बरेचसे जुळले.

भारतीय वाचकाला जवळचे वाटावे असे त्यांचे काम म्हणजे डग्लस हान यांच्यासह १९७५ मध्ये केलेला मोसमी वाऱ्यांचा अभ्यास. एकाच प्रतिमानात एकदा पर्वत ठेवून व एकदा काढून पाहिल्यावर असे दिसले, की हिमालय व तिबेटचे पठार नसते तर उन्हाळ्यातील कमी दाबाचा पट्टा भारतापासून दूर, ईशान्येकडे सरकला असता आणि दक्षिण आशियातील दमट मोसमी हवामान आजच्याइतके उत्तरेकडे पोहोचले नसते. प्रतिमान हे निव्वळ भाकिताचे यंत्र नसून त्यातील एकेक घटक काढून कारण शोधता येते, ही त्यांची दृष्टी येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

१९९७ मध्ये ते जपानला परतले व काही वर्षांनी पुन्हा प्रिन्स्टनला आले. २०२१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना व क्लाउस हासेलमान यांना विभागून मिळाला. उरलेला अर्धा जॉर्जो पारीसी यांना देण्यात आला.