फ्लॅशमध्ये ब्रेकपॉइंट मोजकेच का मिळतात

कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरवर सहा ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या खुणा) बसतात. सातवा लावला की डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन) नकार देतो. दोष डीबगरचा नाही. रॅममधल्या प्रोग्रॅमला थांबवणं सोपं असतं: हव्या त्या जागची सूचना बाजूला काढायची, तिथे थांबण्याची सूचना लिहायची, काम झालं की मूळची परत ठेवायची. फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, १ चा ० होतो, पण ० चा १ करायला अख्खं पान पुसावं लागतं. एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरच्या मोठ्या सेक्टरात हे ‘पान’ १२८ किलोबाइटचं आहे.

अडचण फ्लॅशच्याही आधीची. १९७१ च्या इंटेल १७०२ पासून इप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसायच्या मेमरी चिप) आल्या, पुढे ८७५१ सारखे खिडकीवाले मायक्रोकंट्रोलर. एक ओळ बदलायची तरी चिप अतिनील दिव्याखाली १५-२० मिनिटं ठेवायची. ज्यांना परवडे ते इन-सर्किट एम्युलेटर घेत: सॉकेटमधला प्रोसेसर काढून तिथे प्रोब लावायचा, प्रोग्रॅम एम्युलेटरच्या रॅममधून चालवायचा. प्रोग्रॅम मेमरी चिपच्या आत गेली, वेग वाढले, तसा हा मार्ग अवघड होत गेला.

१९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी फ्लॅश मांडली. १९९३ च्या सुमारास ॲटमेलचा ८९सी५१ हा फ्लॅशवाला मायक्रोकंट्रोलर आला. आपल्याकडच्या डिप्लोमाच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर शिकल्या, पण त्यात डीबगची सोय मुळीच नव्हती. एलईडी लावून नाहीतर सीरियल पोर्टवर अक्षरं पाठवून अंदाज बांधायचा.

सुटका वेगळ्याच बाजूने झाली. जेटॅग हे तारांवरून चिपशी बोलण्याचं मानक (१९९०) बोर्डावरचे जोड तपासायला बनलं होतं. एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरने त्याच तारांवरून चिपमधल्या दोन तुलनाकारांशी (पत्ते जुळवून पाहणाऱ्या सर्किटांशी) बोलायला सुरुवात केली: पत्ता जुळला की प्रोसेसर थांबतो, मेमरीला हात लागत नाही. मात्र प्रत्येक तुलनाकार सिलिकॉनवर जागा खातो, म्हणून ते मोजकेच असतात. कॉर्टेक्स-एम० मध्ये तर जास्तीत जास्त चार.

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरने उलट वाट धरली. त्याचं डीबगवायर हे डीबगचं तंत्र रिसेटच्या एकाच पिनवर चालतं आणि ब्रेकपॉइंट लावताना ब्रेक ही सूचना खरोखर फ्लॅशमध्ये लिहितं. म्हणजे प्रत्येक बदलाला १२८ बाइटचं पान पुन्हा लिहायचं, आणि फ्लॅशचं आयुष्य १०,००० वेळांचं. डीबगिंगला वापरलेली चिप ग्राहकाला पाठवू नका, असं डेटाशीटच बजावते. हा सल्ला मनावर घ्यावा. याच चिपच्या अर्डुइनो उनो बोर्डावर तर जोडणीच होत नाही, कारण ऑटो-रिसेटचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर त्याच पिनवर बसलेला असतो. आधी बोर्डावरची रिसेट-ईएन ची पट्टी कापावी लागते.

सेगर कंपनीच्या जे-लिंक या डीबग प्रोबचे ‘अमर्याद’ ब्रेकपॉइंटही फ्लॅश पुन्हा लिहूनच मिळतात. हार्डवेअरचेच वापरायचे असतील तर एक मोकळा ठेवा: जीडीबी या डीबगरमध्ये नेक्स्ट ही आज्ञा देऊन फंक्शन ओलांडताना तो स्वतःचा तात्पुरता ब्रेकपॉइंट लावतो. सहाही अडकलेले असले, तर असं फंक्शन ओलांडतानाही तो अडतो.