शेजारी बसून अभ्यास आणि मिळून अभ्यास

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी डोकावा. सगळ्या माना पुस्तकात, कुणी कुणाशी बोलत नाही. संध्याकाळी तीच मुलं चहाच्या टपरीवर राज्यघटनेची कलमं एकमेकांना विचारत असतात. दोन्हीला आपण ‘ग्रुपमध्ये अभ्यास’ म्हणतो, पण डोक्यावर होणारा परिणाम निराळा.

शेजारी नुसतं कुणी असलं तरी फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये त्याचं कारण मांडलं: सोबतीने माणूस सावध होतो आणि जे आधीपासून अंगवळणी पडलंय तेच चटकन बाहेर येतं. मुरलेलं असेल तर काम सुधारतं, कच्चं असेल तर चुका वाढतात. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवरही पाहिलं. उजेडापासून पळायची वाट सरळ असेल, तर सोबत दुसरं झुरळ असताना ती जास्त वेगाने पळाली. वाटेत वळण आलं की उलट जास्त वेळ लागला. म्हणून उजळणी आणि घड्याळ लावून जुने पेपर सोडवणं अभ्यासिकेत करावं. गणिताचा अगदी नवा प्रकार मात्र आधी खोलीवर एकट्याने झटून समजून घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

मिळून आठवण्याची गोष्ट वेगळी. तिघांनी एकत्र बसून कलमं आठवली तर यादी एकट्याच्या यादीपेक्षा मोठी होते. पण तिघांनी वेगवेगळं लिहून याद्या जोडल्या असत्या, तर ती आणखी मोठी झाली असती. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. आठवण्याचा प्रत्येकाचा आपला धागा असतो आणि दुसरा मध्येच बोलला की तो तुटतो.

यात नुसता तोटाच नाही. मित्राकडून ऐकलेलं आपल्यात उरतं, त्यामुळे पुढे एकट्याने लिहिताना बऱ्याचदा जास्त आठवतं. म्हणून आधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावं, मग तोंड उघडावं. आणि राज्यघटना समोर उघडी असू द्यावी, कारण चूकही तशीच आत शिरते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क कलम २१क मध्ये आहे. मित्राने ठासून ४५ सांगितलं, तर परीक्षेत आपलाही हात ४५ कडेच जातो.