सहा कोर जास्त की दोन? एफएक्स-6300 आणि आय3-3220 यांचा जुना सामना

दोन जुन्या मशीन उघडल्यात आणि त्यांचे प्रोसेसर टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही काडेपेटीहून जरा आखूड, चौकोनी. वरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती कापडाने पुसून काढल्यावर नावं दिसली. एक इंटेलचा कोर आय3-3220. पालथा केला तर खाली नुसते सोनेरी ठिपके, कारण त्याच्या 1155 पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. दुसरा एएमडीचा एफएक्स-6300. याच्या पोटाखाली नऊशेहून जास्त बारीक पिना, त्यातल्या कोपऱ्यातल्या दोन वाकलेल्या. त्या मी ब्लेडच्या पात्याने हलक्या हाताने सरळ केल्या.

हे दोघं एकाच हंगामातले. आय3-3220 आला सप्टेंबर 2012 मध्ये, 117 डॉलरला. एफएक्स-6300 ऑक्टोबर 2012 मध्ये, 132 डॉलरला. कमी पैशात असेंबल्ड मशीन बांधणाऱ्याला तेव्हा हाच प्रश्न पडायचा: दोन कोरवाला घ्यायचा की सहा कोरवाला? (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग.) आज ही मशीन सेकंडहँड बाजारात आहेत, नातेवाइकांच्या माळ्यावर आहेत, आणि प्रश्न तोच आहे. मला तो पडला तो दोन माणसांमुळे. भाचीला टॅली शिकायला आणि जीएसटीचं काम करायला मशीन हवं होतं. शेजारच्या मुलाला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे होते. आता कोणाला कोणतं द्यायचं?

खोक्यावरचे आकडे वाचले तर सामना एकतर्फी वाटतो. एफएक्समध्ये सहा कोर, वेग 3.5 गिगाहर्ट्झ, गरज पडली तर 4.1 पर्यंत जाणारा, आणि 8 एमबी एल3 कॅशे, म्हणजे चिपच्या आतच ठेवलेली झटपट स्मृती. आय3 मध्ये दोन कोर, वेग 3.3 गिगाहर्ट्झ, त्याच्यावर जायची सोय नाही, आणि कॅशे 3 एमबी. दुकानदारही तेव्हा बोटांवर कोर मोजूनच विकायचे. तरीही रोजच्या वापरात आय3 पुष्कळदा जास्त चपळ वाटायचा, आणि हा काही भास नव्हता.

गिगाहर्ट्झ म्हणजे ठोके. 3.3 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 330 कोटी ठोके. पण एका ठोक्यात काम किती उरकलं, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. ते ठरतं चिपच्या आतल्या मांडणीवर, आणि या दोघांची मांडणी अगदी वेगळी आहे.

शिंप्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. एफएक्सच्या दुकानात तीन खोल्या, प्रत्येक खोलीत दोन शिंपी. प्रत्येकाचं शिलाई मशीन स्वतःचं. पण कापड कापून देणारा मास्टर खोलीत एकच, काजं करायचं मशीन एकच आणि कापड ठेवायचं फडताळही एकच. एएमडीने अशा खोलीला 'मॉड्यूल' म्हटलं. सूचना उलगडून देणारा भाग म्हणजे मास्टर, तो दोन कोरमध्ये सामाईक. अपूर्णांकांची गणितं करणारा भाग म्हणजे काजांचं मशीन, तोही सामाईक. फडताळ म्हणजे 2 एमबी एल2 कॅशे, तेही दोघांत मिळून. साध्या शिलाईला सहाही हात चालतात. पण सगळ्या शर्टांना एकदम काजं करायची वेळ आली की प्रत्येक खोलीत एक जण थांबतो.

आय3 च्या दुकानात खोल्या दोनच आणि खोलीत शिंपी एकच, पण हाताला विलक्षण वेग. मास्टर त्याचा, काजांचं मशीन त्याचं. शिवाय तो टेबलावर कायम दोन गिऱ्हाइकांचं काम घेऊन बसतो. एकाचं कापड गोदामातून यायचं असेल तर हात रिकामा न ठेवता दुसऱ्याचं शिवतो. इंटेलचं हायपर-थ्रेडिंग ते हेच. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये या दोन कोरच्या प्रोसेसरचे चार चौकोन दिसतात.

गोदामातून कापड यायला वेळ लागतो, तो किती? आय3 चा एक ठोका साधारण 0.3 नॅनोसेकंदाचा. रॅममधून माहिती यायला साठ-सत्तर नॅनोसेकंद लागतात. म्हणजे दोनशेच्या आसपास ठोके नुसते वाट बघण्यात जातात! प्रोसेसरच्या आत कॅशे ठेवतात ती ही वाट वाचवायला. आणि इथेच 8 एमबी विरुद्ध 3 एमबी हा आकडा फसवतो. एफएक्सची एल3 कॅशे मोठी आहे खरी, पण संथ आहे. आय3 ची लहान, पण त्यातून वस्तू पटकन हाताला येते.

याचा परिणाम असा, की एकाच थ्रेडवर, म्हणजे न वाटता एकाच ओळीत, चालणाऱ्या कामात आय3 चा एक कोर एफएक्सच्या एका कोरपेक्षा कामानुसार पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पुढे राहतो. सगळे कोर जुंपता येतील अशा कामात मात्र पारडं उलटतं, आणि एफएक्स तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त पुढे जातो.

मग प्रश्न उरतो तो कामाचा, प्रोसेसरचा नाही. हे हिशेबात बसवायची रीत जीन अॅमडाल या संगणक-अभियंत्याने 1967 मध्ये मांडली. कुठल्याही कामाचा काही भाग वाटून घेता येतो, काही येत नाही. न वाटता येणारा भाग एकाच हाताने करावा लागतो, मग बाकीचे कितीही हात मोकळे असोत. कागद-पेन्सिल घेऊन करून बघू. एफएक्सच्या एका कोरला पूर्ण काम करायला 100 मिनिटं लागतात आणि आय3 चा कोर त्याच्या 1.3 पट वेगाचा आहे, असं धरू. हायपर-थ्रेडिंगचा फायदा आणि सामाईक खोलीचा तोटा, दोन्ही सध्या बाजूला ठेवू.

आधी टॅलीसारखं काम. त्यातला 60 टक्के भाग वाटता येत नाही असं समजा. एफएक्सवर 60 मिनिटं एकट्या कोरची, उरलेली 40 सहा जणांत वाटली की सुमारे 6.7. एकूण 66.7 मिनिटं. आय3 वर 60 अधिक 40 चे निम्मे, म्हणजे 80, भागिले 1.3, म्हणजे सुमारे 61.5 मिनिटं. सहा कोर असून एफएक्स मागे पडला. आता व्हिडिओ रेंडर करायचं, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायचं काम घ्या, ज्यात 10 टक्केच भाग वाटता येत नाही. एफएक्सला 10 अधिक 15, म्हणजे 25 मिनिटं. आय3 ला 55 भागिले 1.3, म्हणजे 42. तेच दोन प्रोसेसर, आणि निकाल पार उलटा. 'कोणता चांगला' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

गेमचंही असंच झालं. 2012 चे बहुतेक गेम एक-दोन थ्रेडवर भिस्त ठेवायचे, त्यात आय3 सरस ठरायचा. नोव्हेंबर 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींत एएमडीचे आठ-आठ कोर, एकेकटे बघितले तर कमी ताकदीचे. गेम लिहिणाऱ्यांना काम वाटून द्यायला शिकावंच लागलं. पुढच्या वर्षांतले गेम दोन कोरवर अडखळू लागले आणि एफएक्सवर त्यामानाने बरे चालले. विकत घेतला त्या दिवशी मागे असलेला प्रोसेसर नंतर पुढे गेला, असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं.

'कोर' म्हणायचं तरी कशाला, हा वादही कोर्टात गेला. एकाच काजांच्या मशीनवर दोन शिंपी बसवून त्यांना दोन दुकानं म्हणता येईल का, असा मुद्दा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कोर्टात ग्राहकांनी उचलला. दावा आठ कोरच्या एफएक्सवर होता, आपला 6300 त्यात नव्हता. 2019 मध्ये एएमडीने 1 कोटी 21 लाख डॉलर देऊन तो मिटवला. माझं मत विचाराल तर कोर सहाच आहेत, कारण साधी बेरीज-तुलना सहाही जण स्वतंत्रपणे करतात. पण गिऱ्हाइकाला खोलीतली वाटणी सांगायला हवी होती, हेही तितकंच खरं.

आता विजेकडे येऊ. आपल्याकडे प्रोसेसर घेताना हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आय3 22 नॅनोमीटरच्या, म्हणजे जास्त बारीक तंत्राने बनलाय, एफएक्स 32 च्या. कंपन्यांनी सांगितलेली उष्णतेची मर्यादा आय3 ला 55 वॅट, एफएक्सला 95. रोज आठ तास दोघांनाही पूर्ण जोर लावायला लावला तर 40 वॅटच्या फरकाने दिवसाला 0.32 युनिट, वर्षाच्या 300 दिवसांत 96 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 960 रुपये. टायपिंग करताना एवढा जोर लागत नाही, त्यामुळे घरगुती वापरात फरक बराच कमी पडेल. पण दिवसभर रेंडरिंग करणाऱ्याने सेकंडहँड चिपमध्ये वाचवलेले पैसे वीजबिलात जाऊ शकतात. शिवाय गावाकडे लाइट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालतं, तिथे वॅट म्हणजे थेट मिनिटं.

त्यात एफएक्सला स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, नाही. एक तर कार्ड लावायचं, नाहीतर 760जी चिपसेटचा बोर्ड शोधायचा, ज्यात जुजबी ग्राफिक्स बोर्डावरच असतं. आय3 मध्ये ते चिपमध्येच आहे. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तोही एफएक्सला दमदार लागतो. आणि मदरबोर्ड गेला तर? आय3 ला चालणारे एच61 चे बोर्ड फारशा ओळखीच्या नसलेल्या ब्रँडचे का होईना, आजही नवे मिळतात. एफएक्सच्या एएम3+ बोर्डासाठी जुन्या मालाच्या दुकानांत फिरावं लागतं. त्याच एच61 वर पुढे कधी जुना आय7-3770 बसवला की चार कोर, आठ थ्रेड हाती येतात.

एफएक्सच्या बाजूने दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात, कारण त्या कुणी सांगत नाही. एक, कूटलेखनाच्या म्हणजे एईएसच्या खास सूचना एफएक्समध्ये आहेत, आय3-3220 मधून इंटेलने त्या काढून ठेवल्या होत्या. पूर्ण डिस्कला कुलूप लावून काम करायचं असेल तर एफएक्स हलका वाटतो. दुसरी, जानेवारी 2018 मध्ये उघड झालेला मेल्टडाउन हा सुरक्षेचा दोष इंटेलच्या चिपमध्ये होता, एएमडीच्या नव्हता. तो बुजवणाऱ्या अपडेटने आय3 चा थोडा वेग घेतला.

दोघांनाही विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा मशीनवर मी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो. आणि प्रोसेसरवर डोकं फोडण्याआधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, टाकतो, रॅम 8 जीबी करतो. फिरत्या हार्ड डिस्कला एक विखुरलेली फाइल शोधायला दहा-एक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला 0.1 च्या आसपास. या शंभर पटीपुढे दोन प्रोसेसरमधला तिसरा हिस्सा काहीच नाही. मशीन 'स्लो झालंय' म्हणून लोक अख्खा सीपीयू बदलायला निघतात, आणि दोष बहुतेक वेळा डिस्कचा असतो.

गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांनी पुढे आपापली चाल बदलली. 2017 मध्ये एएमडीने रायझन आणला, त्यात सामाईक खोली मोडून प्रत्येक शिंप्याला स्वतःचा मास्टर आणि स्वतःचं मशीन दिलं, आणि दोन गिऱ्हाइकं एकदम घेण्याची युक्तीही उचलली. त्याच वर्षी इंटेलने आय3-8100 मध्ये कोर दोनाचे चार केले.

भाचीच्या मशीनमध्ये मी आय3 बसवला. तिला टॅलीसाठी विंडोजच हवं, म्हणून सध्या 10 ठेवलंय आणि बँकेची कामं फोनवरूनच करायला सांगितलंय. एफएक्स शेजारच्या मुलाकडे गेला, सोबत एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नवा एसएमपीएस. काल रात्री त्याने हळदीचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ रेंडरला लावला. मी मॉनिटरवरचे आलेख बघत उभा होतो. सहाही चौकोन वरपर्यंत भरले होते, आणि कॅबिनेटच्या मागून येणारी हवा हाताला चांगलीच गरम लागत होती.